अपाय तर काही नाही!

महाराष्ट्रात शिंक ही खाजगी बाब नाही. शिंकणाऱ्याने रुमाल खिशात परत घालायच्या आत निदान तिघांनी त्याच्यावर उपचार सुरू केलेले असतात. शेजारच्या काकू तुळशीची पानं घेऊन दारात उभ्या राहतात, जिन्यात भेटलेले आजोबा गवती चहात आलं ठेचून टाकायला सांगतात, कचेरीतले साहेब खणातून सितोपलादीची डबी काढतात आणि रिक्षावाला आरशातून मागे बघत ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंगायचा सल्ला देतो, तोही मीटर न वाढवता. दुसरं कुठलंही ज्ञान मराठी माणूस इतक्या सढळ हाताने वाटत नाही. गोडा मसाल्याचं प्रमाण विचारलं तर 'अंदाजाने' असं उत्तर मिळतं, जागेचा व्यवहार केवढ्याला झाला असं विचारलं तर विषय बदलतो. खोकल्यावरचा काढा मात्र साग्रसंगीत, न विचारता आणि उद्या चौकशीला येण्याच्या आश्वासनासकट मिळतो. या सगळ्या सल्ल्यांतले जिन्नस वेगवेगळे असले तरी भरतवाक्य एकच: "करून तर बघा, गुण नाही आला तरी अपाय तर काही नाही!" हे वाक्य इतक्या मायेने उच्चारलं जातं की त्याच्यावर शंका घ्यायलाही जीव होत नाही. पण वनौषधींचा इतका अपमान त्यांच्या कट्टर विरोधकांनीसुद्धा केला नसेल. ज्या पदार्थाने कुणालाही, कधीही आणि कितीही घेतला तरी अपाय होत नाही, त्याने उपाय तरी कसा व्हायचा?

पोटात गेलेल्या वस्तूने कफ सुटला, झोप लागली, आतडं हललं किंवा रक्तातली साखर उतरली, तरच तिला औषध म्हणण्यात अर्थ आहे. जी वस्तू एवढी कामं करते ती हीच कामं गरजेपेक्षा जास्त, भलत्या वेळी आणि भलत्याच माणसाच्या पोटातही करू शकते. सोनामुखीचं प्रमाण चुकलेला माणूस दिवसभर घरातल्या सर्वांत लहान खोलीत मुक्काम करतो, आणि त्या दिवशी त्याला वनस्पतींच्या ताकदीबद्दल व्याख्यान द्यावं लागत नाही. आपल्या जुन्या घरांना ही ताकद उत्तम ठाऊक होती. आजीबाईच्या बटव्यात बिब्बा असायचा. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड उठतात, तो 'उततो'. म्हणून तो कुणाला द्यायचा, कुणाला मुळीच नाही, उन्हाळ्यात त्याचं नाव काढायचं की नाही, सोबत तीळखोबरं किती, हे सगळं घरातल्या थोरल्या बाईला पाठ असे. चरकसंहिता तर तिच्याहून कडक. ज्याची नीट ओळख नाही अशा औषधाला त्या ग्रंथाने विष, शस्त्र, अग्नी आणि वज्र यांच्या पंगतीला बसवलं आहे. उत्तम औषधही चुकीच्या रीतीने वापरलं तर विषाचं काम करतं आणि विषही नीट योजलं तर औषध ठरतं, असंही तिथे बजावलेलं आहे. तेव्हा "अपाय तर काही नाही" हे वचन आयुर्वेदाचं नव्हे. ते आपण त्याच्या नावावर खपवलेलं आहे.

आजीला मात्रेची जाण किती होती हे बघायचं असेल तर बाळगुटीची सहाण जवळून बघावी. ताटलीत वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ, हिरडा, सुंठ, ज्येष्ठमध, अतिविष, काकडशिंगी, सागरगोटा, बदाम आणि खारीक अशी मंडळी मांडून ठेवलेली असतात. सहाणेवर आईच्या दुधाचे नाहीतर उकळून गार केलेल्या पाण्याचे चार थेंब पडतात आणि एकेक जिन्नस उगाळला जातो. मोजमाप वेढ्यांचं. बदाम-खारकेचे वेढे सढळ, हिरड्याचे बेताचे आणि जायफळाला जेमतेम एक, कारण ते जास्त झालं तर बाळ इतकं झोपतं की घरच्यांची झोप उडते. बाळाला शी झाली नसेल तर हिरड्याचा वेढा वाढतो, जास्त होत असेल तर तो कमी होतो. एवढा खटाटोप करून सहाणेवर जमलेलं चाटण चमचाभरही भरत नाही. हे भाबडेपण नव्हतं, ही मात्रा होती, आणि ती देणारी बाई रोज सकाळी लंगोट तपासून त्या दिवशीचे वेढे ठरवत होती. आज बालरोगतज्ज्ञ सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नका म्हणतात. वेखंडातल्या बीटा-ॲसरोन या घटकामुळे अमेरिकेने १९६८ साली वेखंडाला खाद्यपदार्थांतून हद्दपार केलं. आणि मधातल्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझमसारखा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो, म्हणून त्याला मध चाटवू नये हे आता पक्कं कळलेलं आहे. आजीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण तिला जेवढं ठाऊक होतं त्यात 'कितीही चाटवा' हे कुठेच नव्हतं.

पुढे बटवा मोबाइलात गेला आणि आजी बाहेरच राहिली. या नव्या बटव्यातल्या उपायांची घडण ठरलेली आहे. आधी 'डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत' अशी सनसनाटी, मग एकाच मुळीने पळून जाणारे विकार, त्यात मधुमेह, रक्तदाब, संधिवात, थायरॉइड, केसगळती आणि घोरणं एका रांगेत, आणि शेवटी दहा जणांना पाठवण्याची विनंती. मधुमेहासारखे रोग हमखास बरे करण्याच्या जाहिराती करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पण मेव्हण्याने पहाटे साडेपाचला पाठवलेला संदेश जाहिरातीत मोडतो की मायेत, हे त्या कायद्यात सांगितलेलं नाही. प्रमाणाच्या बाबतीत तर सगळा आनंद. 'मूठभर पानं घ्या' म्हणजे मूठ पैलवानाची की पोस्टातल्या कारकुनाची? 'पाणी अर्धं होईस्तोवर आटवा' म्हणजे पातेल्यातलं की हंड्यातलं? शार्ङ्गधरसंहितेत काढ्याची कृती दिलेली आहे. औषध कुटून घ्यायचं, त्याच्या सोळा पट पाणी घालायचं, मातीच्या भांड्यात मंद आचेवर आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. त्या ग्रंथकाराला व्हॉट्सॲप मिळालं असतं तरी त्याने हे प्रमाण वगळून नुसता हात जोडल्याचं चित्र पाठवलं नसतं. २०२० च्या वसंतात आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुकांचा काढा दिवसातून एक-दोन वेळा घ्यायला सुचवलं होतं. आपल्या घरांनी त्यातली यादी उचलली आणि 'एक-दोन वेळा' हे शब्द गाळून घेतले. काढ्याचं पातेलं शेगडीवरून उतरेना. मिऱ्याची आणि सुंठीची जळजळ घशापासून पोटापर्यंत पोचली, मग त्या जळजळीवर दुसऱ्या एका काकूंनी दुसरा काढा सांगितला.

त्याच सुमारास गुळवेलीला भाग्य आलं. कुंपणावर, निंबावर, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर चढलेली प्रत्येक हृदयाकृती पानाची वेल लोकांना गुळवेल दिसू लागली आणि दिसली ती लोकांच्या पातेल्यात गेली. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेत असलेल्या या माणसांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. ती खरी गुळवेल नसून तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात असू शकते, असा त्यातला एक मुद्दा होता. पुढच्या वर्षी देशातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला आणि त्याचा रोख पुन्हा गुळवेलीकडेच होता. या वादात कोणाचं किती खरं हे तज्ज्ञांनी ठरवावं, पण सामान्य माणसाने मंत्रालयाचा आक्षेप एकदा शांतपणे वाचावा, कारण बचाव म्हणून तो आरोपाहून जास्त धडकी भरवणारा आहे. तज्ज्ञांनासुद्धा जिथे खरी वेल आणि जुळी वेल यांत गल्लत होण्याची भीती वाटते, तिथे आपल्या इमारतीचे सेक्रेटरी सकाळच्या फेरीत हातातल्या काठीने वेल ओढून "हीच ती" म्हणतात, आणि एरवी त्यांनी लावलेल्या पाणीपट्टीवर तासभर वाद घालणारे सभासद इथे मात्र एकमताने ठराव पास करतात.

कडू म्हणजे औषधी, ही आपली दुसरी श्रद्धा. गोड औषधावर मराठी माणसाचा विश्वास बसत नाही. तोंड वाकडं झाल्याखेरीज रक्त शुद्ध होत नाही असा त्याचा ठाम समज असतो. शहरातल्या कुठल्याही मोठ्या बागेच्या फाटकाशी सकाळी हिरव्या रसांच्या बरण्या मांडून बसलेला माणूस या समजावरच संसार चालवतो. कारलं, दुधी, कडुनिंब, गव्हांकुर. ज्याचा चेहरा जास्त वेडावाकडा होईल त्याला तब्येतीची जास्त काळजी. या दुधीकडे जरा लक्ष द्यायला हवं. दुधी, काकडी, कारलं यांच्या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. भाजीच्या दुधीत ती नगण्य असतात, पण एखाद्या फळात फार वाढली तर तो दुधी कडूजहर लागतो आणि खरोखरच जहर असतो. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा अशा रसाने मृत्यू झाल्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने समिती नेमली. समितीचा सल्ला स्वयंपाकघरात चिकटवून ठेवावा असा आहे: रस काढण्यापूर्वी दुधीचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर तो फेकून द्या, दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळू नका, आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब किंवा अस्वस्थपणा जाणवला तर तडक रुग्णालय गाठा. कारल्यात मिसळला की दुधीचा कडवटपणा कळतच नाही, ही यातली ग्यानबाची मेख. भाजी करणारी बाई कडू दुधी निमूटपणे केरात टाकते. तोच दुधी आरोग्यासाठी आणलेला असला की तो जितका कडू तितका गुणकारी मानून डोळे मिटून घशाखाली लोटला जातो. जिभेने लाखो वर्षं प्रामाणिकपणे केलेली पहारेकऱ्याची नोकरी आपण एका फॉरवर्डवर बरखास्त करतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: "तुमचं शास्त्र राहू द्या बाजूला, आम्हाला गुण आला ना!" गुण येतो यात वाद नाही. तो कशाने येतो एवढाच प्रश्न आहे. साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपली आपण जाते. माणूस उपाय शोधायला लागतो तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी, नाक पुरतं चोंदल्यावर, म्हणजे दुखणं शिखरावर असताना. तिथून पुढे उतारच असतो. त्या दिवशी काढा सुरू केला की सातव्या दिवशी गुण येतोच, आणि काढ्याऐवजी रोज सकाळी विजेचं बिल वाचलं तरी येतो. सुंठीवाचूनही खोकला जातो हे आपण म्हणीत नोंदवून ठेवलं आणि सुंठीला तिचं श्रेयही देत राहिलो. डॉक्टरांनी साध्या सर्दीला उगाच लिहून दिलेल्या अँटिबायोटिकलाही हाच न्याय लावायला हवा. त्या गोळ्यांनी मिरवलेलं यशही बरंचसं सातव्या दिवसाचंच असतं. शिवाय आपल्या हिशेबात खर्चाची बाजू लिहिलीच जात नाही. ज्याला बरं वाटलं तो गावभर सांगतो. ज्याला वाटलं नाही त्याला "पथ्य पाळलं नसेल" असं ऐकावं लागतं, म्हणून तो गप्प बसतो. गुण आला तर तो औषधाचा, नाही आला तर रोग्याचा अवगुण! अशा खटल्यात औषध हरल्याचा दाखला औषधालासुद्धा सापडायचा नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हजारो वर्षं लोक हे घेत आले, ते काय वेडे होते? मुळीच नव्हते. पण त्यांच्या अनुभवाला काय दिसू शकत होतं आणि काय नाही, हे बघायला हवं. अनुभव झटपट घडणारी गोष्ट उत्तम पकडतो. बिब्बा लागला आणि लगेच फोड आले, धोतऱ्याचं बी खाल्लं आणि माणूस बरळू लागला, एवढं पुराव्याला पुरतं. पण काढा आज सुरू केला आणि तीन महिन्यांनी डोळे पिवळे झाले, तर मधल्या काळात त्या माणसाने दोन लग्नांत जेवण केलेलं असतं, एका वारीला जाऊन आलेला असतो आणि भावाशी भांडलेला असतो. कावीळ कशाने झाली हे घरातलं कोणी कसं सांगणार? हळू होणारा अपाय परंपरेच्या चष्म्यातून सुटतो. तो पकडायला पुष्कळ माणसांच्या नोंदी एकत्र ठेवाव्या लागतात. "पूर्वीची माणसं कशी काटक!" हेही त्यातलंच. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतातलं सरासरी आयुर्मान बत्तिसाच्या आसपास होतं. काटक माणसं आपल्याला दिसली, कारण जी काटक नव्हती ती आपल्याला दिसायला थांबली नाहीत.

परंपरा आणि नोंदवही यांची जोडी जमली तर काय होतं याचं उदाहरण मुंबईतलंच आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वेडावर, निद्रानाशावर दिली जात होती. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाबावरही चालते असं लिहिलं. मग मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना ठरावीक मात्रेत दिली, आधीचा आणि नंतरचा दाब मोजून नोंदवला आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जगाने दखल घेतली, मुळीतून रेझरपिन वेगळं काढलं गेलं, आणि १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे त्याच नोंदींच्या सवयीमुळे हेही लक्षात आलं की रेझरपिनने काही रुग्णांना खोल उदासीनता येते, आणि त्याचा वापर आवरता घेतला गेला. उपाय सिद्ध झाला तोही मोजून, अपाय सापडला तोही मोजूनच. सर्पगंधेला हा मान मिळाला, कारण तिच्याकडे कोणीतरी "अपाय तर काही नाही" अशा लाडिक नजरेने न बघता औषध म्हणून बघितलं.

तिसरा आक्षेप स्वाभिमानाचा. पुरावे मागणं ही म्हणे पाश्चात्त्यांची खोड आणि वनौषधींवर शंका घेणं म्हणजे आपल्याच वारशावर उलटणं. याला उत्तर हळदीने दिलेलं आहे. १९९५ साली जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते, त्या परिषदेने पेटंटला आव्हान दिलं. तिथे "आमच्या आज्या लावायच्या" एवढं सांगून भागलं नसतं. जुने संस्कृत ग्रंथ आणि भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा लेख असे लेखी पुरावे ठेवले गेले, आणि १९९७ साली पेटंट रद्द झालं. आजीची हळद परत आणली ती पुराव्याने. तोच पुरावा आपल्याच स्वयंपाकघरात कोणी मागितला की तो परकीय कसा होतो? "ॲलोपॅथीच्या गोळ्यांना साइड इफेक्ट असतात" हे आणखी एक लाडकं वाक्य. असतातच. ते आपल्याला कळतात, कारण गोळीच्या पाकिटात बारीक अक्षरांत छापलेला चिठोरा असतो. मुळीच्या पुडीत चिठोरा नसतो, म्हणून तिचे दुष्परिणाम नाहीत असं मानायचं तर ज्या मुलाचं प्रगतिपुस्तक हरवलं तो वर्गात पहिला आला म्हणायला हरकत नाही. गंमत अशी की हाच माणूस डॉक्टरांसमोर तापाच्या साध्या गोळीची कसून उलटतपासणी घेतो: गरम तर पडणार नाही ना, सवय तर लागणार नाही ना, रिकाम्या पोटी चालेल ना, किती दिवस घ्यायची? प्रश्न एकूण एक उत्तम आहेत. ते त्याने घरातल्या बरणीलाही विचारले असते तर हा लेख लिहायचं कारण उरलं नसतं.

मग काय बटवा नाल्यात फेकून द्यायचा? तसं करणारा माणूस करंटाच म्हणावा लागेल. ज्यांनी परीक्षा दिली आणि जे उत्तीर्ण झाले असे गडी या बटव्यात बरेच आहेत. इसबगोल बद्धकोष्ठावर जगभरचे डॉक्टर सांगतात. सोबत पाणी भरपूर प्यायचं एवढीच अट. सोनामुखी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. लवंगेतलं युजेनॉल दंतवैद्य रोज वापरतात. त्यांच्या दवाखान्यात शिरताच जो वास येतो तो आपल्याच मसाल्याच्या डब्यातला. ओव्यातलं थायमॉल चुळा भरायच्या विलायती औषधांत जाऊन बसलं आहे. आल्याने मळमळ कमी होते याला बऱ्यापैकी आधार आहे. मोठ्या माणसाच्या आणि वर्षावरच्या मुलाच्या साध्या खोकल्याला आधी मध घेऊन बघा, असं २०१८ साली इंग्लंडच्या आरोग्ययंत्रणेनेच सुचवलं. हळदीच्या दुधात मिरपूड घालणारी आजी तर बंगळुरूच्या संशोधकांच्या पुढे होती. हळदीतलं कर्क्युमिन शरीरात फारसं शोषलंच जात नाही, पण मिऱ्यातल्या पायपरीनच्या सोबतीने रक्तातलं त्याचं प्रमाण वीस पटीने वाढतं असं त्यांना १९९८ साली दिसलं. मात्र मिरी हे काम करते ती यकृताची औषधं निकालात काढायची गती मंदावून, आणि यकृत हळद कोणती आणि रक्तदाबाची गोळी कोणती असा भेद करत बसत नाही. रोजच्या चिमटीने काही बिघडत नाही. रोज पूरक म्हणून हळद-मिऱ्याच्या कॅप्सूल घेणाऱ्याने मात्र आपल्या बाकीच्या गोळ्यांचा हिशेब डॉक्टरांना विचारावा. कृतीही वाटेल तशी बदलून चालत नाही. चीनच्या तू योयो यांनी मलेरियावरची वनस्पती शोधताना आधी अपयशच घेतलं. मग एका जुन्या चिनी ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळायला सांगितलेली त्यांनी वाचली, उष्णतेने औषध मरत असणार हे ताडलं, कमी तापमानाला अर्क काढला, आणि २०१५ साली नोबेल मिळवलं. दिसेल ते उकळणाऱ्या आपल्या घराण्यात ती वनस्पती आली असती तर तिचा पहिल्या उकळीतच अंत झाला असता.

राहता राहिला तो आक्षेप, ज्याच्यासमोर कुठलाही शहाणा माणूस जरा थबकेल. डॉक्टर लांब असतात, तपासण्या महाग असतात, आणि दुखणाऱ्या माणसाला औषधाइतकीच कुणीतरी उशाशी बसण्याची गरज असते. रात्री अकराला उठून सुंठ उगाळणारी, कपाळावर लेप लावून "आता वाटेल हं बरं" म्हणणारी बाई कुठल्याही गोळीच्या पाकिटात मिळत नाही. हे अक्षरशः खरं आहे, आणि त्या "वाटेल हं बरं"ने खरंच बरं वाटतं. सर्दी, साधा खोकला, गॅस, मुकामार यांच्यासाठी एवढं पुष्कळ झालं. पण मायेला मुदत असावी लागते. तीन दिवसांवर टिकलेला ताप, रक्त पडणारा किंवा दोन आठवडे हटेना असा खोकला, पिवळे झालेले डोळे, छातीत दुखणं, यांच्यापुढे लेपाने हट्ट धरू नये. जुन्या वैद्यांनाही असाध्य काय ते सांगायची लाज वाटत नव्हती. मधुमेहाची गोळी बंद करून कारल्यावर भिस्त ठेवणारा स्वतःचा तोटा करतोच. गोळीही घेणारा आणि कारल्याचा रसही रोज पेलाभर पिणारा अचानक साखर उतरून घामाघूम होऊ शकतो. ज्येष्ठमध चघळल्याने घसा मऊ पडतो, पण तेच रोज भरपूर पोटात गेलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना लसणीच्या, हळदीच्या कॅप्सूल परस्पर सुरू करणं म्हणजे रक्तस्रावाला निमंत्रण. यात लसूण वाईट नाही आणि गोळीही वाईट नाही. दोघांची एकमेकांशी ओळख करून दिली नाही, ही आपली चूक.

तेव्हा वनौषधींवर खरंच प्रेम असेल तर त्यांना निरुपद्रवी म्हणणं आधी सोडा. औषधाला औषधाचा मान द्या: वस्तू नक्की कोणती, कुणी ओळखली, किती घ्यायची, कशासोबत घ्यायची नाही आणि कधी थांबायचं, हे पाच प्रश्न विचारा. उत्तरं नसतील तर ती मुळी चहाच्या मसाल्यातही टाकू नका. आणि एक गोष्ट नक्की करा. पुढच्या वेळी डॉक्टर "आणखी काही औषध घेता का?" असं विचारतील तेव्हा "नाही, तसं काही नाही" म्हणू नका. सकाळचा काढा, दुपारचं चूर्ण, मेव्हण्याची मुळी, बागेजवळचा रस, सगळ्यांची नावं सांगा. डॉक्टर हसले तर हसू द्या, पण कागदावर लिहून घ्यायला लावा.